घरचा फोटोग्राफर

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये माझ्याखेरीज सात माणसं बसली होती आणि त्यातल्या सहांना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. मधल्या टीपॉयवर बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे. त्यात बिस्किटं नव्हती, यांच्या निगेटिव्ह होत्या.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली (२०१७). डबे तेव्हापासून माळ्यावरच होते. मुलगी दर फोनवर विचारायची, "आई, त्या डब्यांचं काय केलंस?" मी म्हणायची, बघते. शेवटी आमच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या मुलाने ते मनावर घेतलं. तो ऐरोलीला एका कॉम्प्युटर कंपनीत रात्रपाळी करतो आणि त्याला फोटोग्राफीचं वेड आहे. पाळी सुटली की घरी यायचं सोडून पुष्कळदा परस्पर भांडुप पंपिंग स्टेशनला पक्षी बघायला जातो. त्याची आई माझ्यापाशी रडगाणं गाते, "काकू, याला झोप नको, जेवण नको, लग्न तर नकोच." त्यानेच सांगितलं की आमचा एक ग्रुप आहे, सगळे मिळून येतो, खाली पांढऱ्या उजेडाची पाटी ठेवून वरून कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपतो, मग कॉम्प्युटरवर त्याचे फोटो होतात. ऑगस्टात पक्षी कमी आणि पाऊस फार, त्यामुळे मंडळी मोकळीच होती.

आता पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर जी खोड लागते ती काही जात नाही. चहाचे कप हातात दिले आणि सुरुवात केली, "हं, तुम्ही काय करता? आणि तुम्ही?" हजेरीच घेतली म्हणा ना! :)

एक निघाले भूलतज्ज्ञ. घाटकोपरच्या दोन-तीन हॉस्पिटलांत जातात. म्हणाले, "आजी, आठवडाभर मी झोपलेल्या माणसांकडे बघतो. श्वास चालू आहे ना, एवढंच. म्हणून रविवारी जागं काहीतरी बघावंसं वाटतं." त्यांच्या फोनवर खंड्याचा एक फोटो होता. चोचीत मासा, आणि पाण्याचा थेंब अजून चोचीवरून सुटलेला नाही. त्यासाठी चार रविवार एकाच जागी उभे होते म्हणे.

दुसरे घाटकोपरचेच, कटपीसचं दुकान. घरी गुजराती, पण मराठी तुमच्याआमच्यापेक्षा चोख. त्यांना रंगांचं फार. फ्लेमिंगो गुलाबी असतो असं आपण म्हणतो, पण त्या गुलाबीत किती छटा असतात ते त्यांनी मला साडीच्या दुकानात सांगावं तसं सांगितलं! फ्लेमिंगोंच्या मोसमात त्यांच्या गल्ल्याच्या काचेखाली भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं. पाणी चढू लागलं की पक्षी काठाकडे सरकतात, म्हणून. (आपल्या ठाण्याच्या खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. मी मात्र मुलुंडमध्ये पन्नास वर्षं राहून तिकडे एकदाच गेले, तेही डास चावतात म्हणून अर्ध्या तासात परत!)

एक सी.ए. बोरिवलीहून आले होते. ते नॅशनल पार्कातले. कान्हेरीच्या पायऱ्या, ओढे, बुरशी, पानं. पाचशे फोटो काढले की चारशे नव्वद पुसून टाकतात, अजिबात दयामाया नाही. पोस्टात काउंटरवर बसणारी एक बाई होती, ती फक्त कोळी काढते. खाडीवरचे कोळी नव्हेत हो, जाळ्यातले. "दिवसभर माणसांचे चेहरे बघून जीव विटतो, मॅडम. कोळ्याला आठ डोळे असले तरी तो रांगेत उभा राहून मला घाई करत नाही." निवृत्त मोटरमन होते एक. त्यांचं उत्तर मला सगळ्यांत आवडलं. म्हणाले, इतकी वर्षं समोरचे रूळ आणि सिग्नल सोडून नजर हलवायची सोय नव्हती. आता फक्त बाजूला बघतो. त्यांचे फोटो म्हणजे रुळांलगतच्या खिडक्या, गॅलऱ्या, वाळत घातलेली गोधडी.

सातव्याची पाळी आली. तिशीच्या आतबाहेरचा मुलगा, अगदी गप्प. तो म्हणाला, "सध्या काही नाही." मी आपली मास्तरकीच्या ओघात म्हणाले, "म्हणजे? आधी काय करत होतास?" तो म्हणाला, "होतो एका ठिकाणी. गेल्या वर्षी कमी केलं." खोलीत कुणी बोलेना. मग दुकानदारांनी चहा छान झालाय म्हटलं आणि कोळीवाल्या बाईने माझा कप उचलून आत नेला. नंतर पहिल्या मजल्याने हळूच सांगितलं की ग्रुपमध्ये कोण काय करतो हे कुणी कुणाला विचारत नाही. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, एवढंच. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पंच्याहत्तरी गाठली तरी कुठे थांबावं हे कळत नाही, ते नाहीच.

पण तेव्हापासून या नोकरी आणि छंदाचा विचार डोक्यात बसला आहे. मुंबईत हे नवीन नाहीच. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. कॅमेरा हा प्रकार जगातच जेमतेम पंधरा वर्षांचा होता तेव्हा! त्या सोसायटीत डॉ. नारायण दाजी होते, आपल्या भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू. पेशाने डॉक्टर, आणि फोटो काढायचे हौसेने. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मात्र व्यवसायात पडले आणि त्यांनी मुंबईत स्टुडिओ चालवला. म्हणजे हौशी आणि धंदेवाईक या दोन वाटा पहिल्यापासूनच शेजारी शेजारी. राजकारणात राहून हेलिकॉप्टरमधून किल्ल्यांचे फोटो काढणारे उद्धव ठाकरे आपल्याला माहीतच आहेत. त्यांचं 'महाराष्ट्र देशा' २०१० साली आलं, ते आमच्याकडेही आहे. यांनी ते भिंग घेऊन पाहिलं होतं.

मला मात्र या बाबतीत होमाई व्यारावाला आठवतात. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण मिळालं, २०१२ ला गेल्या. त्यांना कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावालांनी, म्हणजे पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनी. ते टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाचं काम करत आणि फोटोही काढत. सुरुवातीला होमाईंचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे. हे वाचलं तेव्हा मी यांना म्हटलं होतं, "बघा, एक हिशेबनीस बायकोला कॅमेरा शिकवतो आणि एक तुम्ही!" हेही रेल्वेत हिशेब खात्यातच होते ना. व्ही.टी.ला ऑफिस. यांनी मला कॅमेरा हातात दिला नाही कधी. निगेटिव्हचा डबा पुसायलासुद्धा नाही.

माझं काम पाण्याचं. नव्या वाचकांना कळायचं नाही, म्हणून सांगते. आमची तेव्हाची जागा म्हणजे दीड खोली, मोरीला दार होतं एवढीच चैन. शनिवारी रात्री मुलं झोपली की मोरीची डार्करूम व्हायची. दाराच्या फटीत जुनी धोतरं कोंबायची, झीरोचा लाल बल्ब लावायचा, फळीवर एन्लार्जर. तो यांनी कुणाकडून तरी जुना आणून दुरुस्त केलेला. खाली तीन ट्रे. पहिल्यात डेव्हलपर, मधल्यात पाणी, तिसऱ्यात हायपो. डेव्हलपरला वीस अंश तापमान लागतं आणि मुंबईचं नळाचं पाणी मे महिन्यात तीस! मग शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमधला बर्फ मागून आणायचा. (बर्फ कशाला हवा हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नव्हता. काही भलतंच वाटलं असणार!) प्रिंट वाहत्या पाण्यात अर्धा तास तरी धुवावे लागतात, नाहीतर पुढे पिवळे पडतात. आणि आमच्याकडे पाणी पहाटे पाच ते सात. म्हणून रविवारी पहाटे मी आधी पिंप भरायची की यांचे फोटो धुवायचे, यावर आमची सगळी भांडणं.

पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो. पुढे बोनसच्या पैशात बोरा बाजारातून जुना रशियन झेनिट आणला. वीतभर लोखंडच ते. त्यात छत्तीस निघायचे. पण रोल परवडायचे नाहीत, म्हणून हे शंभर फुटांची फिल्म एकदम आणत आणि मोरीत अंधारात बसून रिकाम्या पुंगळ्यांत स्वतः भरत. एकातून अठरा रोल. त्या फिल्मचं तोंड कात्रीने जिभेसारखं कापावं लागतं, म्हणजे ती कॅमेऱ्यातल्या चकरीत अडकते. ही जीभ हे जरा आखूड कापत. दर रोलमागे चार बोटं फिल्म वाचायची.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते. नातेवाइकांपैकी जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांना अर्धवट ऐकून ठाऊक आहे. "काकांनी लग्नाचे फोटो काढणं का सोडलं?" हे मला निदान दहा जणांनी विचारलं असेल.

१९७९ चा मे महिना. यांच्या काकांच्या मुलीचं, बेबीचं लग्न. तिला सगळे अजून बेबीच म्हणतात, अडुसष्टाव्या वर्षीही. काकांची परिस्थिती बेताची, पण एका स्टुडिओवाल्याशी बोलणं झालं होतं. हे स्वतः काकांकडे गेले आणि म्हणाले, "त्याला कशाला पैसे देता? घरचा फोटोग्राफर असताना?" काकांना बरंच वाटलं. तेवढ्या पैशात जिलबीचा बेत ठरला.

लग्न डोंबिवलीला, दुपारचा मुहूर्त. हे सकाळपासून नुसते नाचत होते. अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सगळं काढलं. खुर्चीवर चढून काढलं, भटजींची बोलणी खाऊन काढलं. पंगतीची पानं मांडायला घेतली तेव्हा मी यांना शोधत गेले तर हे कार्यालयाच्या मागच्या जिन्यात कॅमेऱ्याकडे बघत उभे. म्हणाले, "अडतीस झाले." मी म्हटलं, बरं झालं की, दोन जास्त निघाले. तर यांचा चेहरा पाहून गप्प झाले. रोल छत्तीसचा. छत्तिसाला फिल्म ताणून अडते आणि खटका पुढे जात नाही. इथे तो मजेत पुढे जात होता. म्हणजे फिल्मची जीभ चकरीतून कधीच निसटली होती आणि आत काहीच सरकत नव्हतं. खटका ओढताना डावीकडची गुंडी आपोआप फिरते की नाही एवढं बघायचं असतं. पोरांना हे बजावून शिकवणारा माणूस! लग्नाच्या धांदलीत नाही पाहिलं.

मी म्हटलं, अजून कुणी हललेलं नाही, पुन्हा अंतरपाट धरायला सांगू. हे म्हणाले, "मुहूर्त काय रिटेक आहे?" दुसरा रोल घातला, तीनदा गुंडी तपासली आणि पंगतीचे आणि पाठवणीचे फोटो काढले. त्या संध्याकाळी कुणाला काही बोलले नाहीत.

रात्री घरी येऊन यांनी तो पहिला रोल धुतला. वास्तविक त्याची गरज नव्हती. आत पस्तीस फोटोंची कोरी फिल्म शिल्लक होती, नव्याने भरून वापरता आली असती. चार बोटं वाचवणाऱ्या माणसाने ती सबंध फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली. काही आलं असेल, या आशेने. मी बाहेर बसले होते. बाहेर आले ते एक शब्द न बोलता तशीच ती दोरीवर लटकवून झोपायला गेले.

चार-पाच दिवसांनी यांनी काकांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. काका म्हणाले, होतं असं. काकू मात्र म्हणाल्या, "घरचा फोटोग्राफर म्हणून हट्ट तुझाच होता." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी काका गेले, बसल्या जागी. कन्यादान करतानाचा वडिलांचा फोटो बेबीकडे नाही, तो कधीच होणार नाही, हे तेव्हा सगळ्यांना एकदमच कळलं. बाराव्याला बेबी यांच्याशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, राखी पाठवायची, पण तिच्या घरी हे कधी राहिले नाहीत.

त्यानंतर यांनी कुणाचं लग्न काढलं नाही. एवढंच असतं तर ठीक होतं. यांनी माणसंच काढणं बंद केलं. रेल्वेच्या पासावर आम्ही हंपीला गेलो, कोणार्कला गेलो, तिथे खांब आले, चाकं आली, सावल्या आल्या. स्टेशनांचे बाक, मिठागरं, पिंपळाची मुळं. फार सुंदर आहेत ते फोटो, ग्रुपमधले सगळे वेडे झाले बघून. पण माझा तिसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंतचा एकही फोटो यांच्या हातचा नाही. शाळेच्या गॅदरिंगचे ग्रुप फोटो आहेत तेवढेच. मुलांचे वाढदिवस माझ्या भावाने त्याच्या हॉट शॉटवर काढले. मी रागावत असे. एकदा सरळ म्हटलं, "शिक्षा तुम्हाला आहे की आम्हाला?" त्यावर यांनी उत्तर दिलं नाही. ते लिहिताना अजून राग येतो, खोटं कशाला सांगू.

तर त्या रविवारी तिसऱ्या डब्यात तळाशी बटरपेपरच्या पाकिटात तो रोल निघाला. पाकिटावर यांच्या अक्षरात तारीख. बाकी काही नाही. मोटरमननी तो उजेडाला धरला. काचेसारखी स्वच्छ, पारदर्शक पट्टी आणि सुरुवातीजवळ एकच काळा कुळकुळीत चौकोन. सगळं लग्न त्या एका चौकोनावर एकावर एक बसलं होतं. मी त्यांना हकीगत सांगितली. सी.ए. म्हणाले, पुसायला काही नाही, ठेवायलाही काही नाही. गप्प मुलगा म्हणाला, "मी बघू का?"

तो दीड तास त्या चौकोनाशी बसला. खालचा उजेड वाढव, कमी कर, पुन्हा टिप. बाकीचे पोहे खात होते. शेवटी त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. राखाडी धुकं. मधे एक उभी फिकट रेघ. तो मांडवाचा खांब म्हणा नाहीतर अंतरपाटाची कड म्हणा. वर दोन-तीन डाग, ते दिवे असतील. तो म्हणाला, "आजी, जे हललं नाही तेवढंच राहिलंय." मग लगेच म्हणाला, "सॉरी, याच्यापुढे काही येणार नाही."

त्याच पाकिटात दुसरा रोल होता. पंगतीचा. हा यांनी कधी छापलाच नव्हता, कुणी मागितला नाही आणि यांनी दिला नाही. त्यात अकरावा फोटो असा. काका वाकून जिलबी वाढताहेत, धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला, तोंड भरून हसताहेत, आणि पानावर एक हात आडवा धरलेला आहे, नको नको म्हणणारा. हाताचा मालक फोटोत नाही. काकांचा एवढा मोठा आणि स्पष्ट फोटो आमच्या सबंध घराण्यात नाही. श्राद्धाला लावतात तो ऑफिसच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे, त्यात ते पोलीस ठाण्यात बसल्यासारखे दिसतात.

मी तो बेबीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या आणि दिवसभर काही नाही. रात्री साडेदहाला फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, म्हणाली, "वहिनी, दादाने हा मला तेव्हाच का नाही दिला? बाबा गेल्यावर तरी?"

मला काय सांगावं सुचेना. लाजेने, म्हणाले. ती म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं?" मग बराच वेळ आम्ही दोघी तशाच फोन धरून बसलो. मी तिला त्या काळ्या चौकोनाचंही सांगितलं. म्हटलं, तोही ठेवलाय त्याने, तारीख घालून. तर म्हणाली, तो पण हवा. फोटो नको, तीच पट्टी हवी.

गणपतीनंतर ती स्वतः आली ठाण्याहून, नातवाला घेऊन. गुडघे दुखतात तरी आली. मी मुद्दाम ग्रुपला बोलावलं होतं. तिला काकांचा फोटो भिंतीवर लावायला मोठा करून हवा आहे, पण नुसते काका, तो आडवा हात कापून. यावरून सी.ए. आणि तिची जी जुंपली! ते म्हणतात, हात कापला तर फोटो मेला, आग्रह कुणाला चाललाय तेच कळणार नाही. ती म्हणते, फोटो माझ्या बाबांचा आहे, आग्रहाचा नाही. दुकानदार म्हणाले, दोन्ही करा की, माप घ्यायला काय जातं. कोळीवाल्या बाईने हात मोठा करून पाहिला आणि म्हणाली, याच्या बोटात अंगठी आहे, खड्याची. बेबीने चष्मा लावला, फोन नाकाजवळ धरला, आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर आमचे सासरे!"

त्यावर ठरलं काहीच नाही. पट्टी ती पाकिटासकट घेऊन गेली. गप्प मुलाने ती नीट गुंडाळून दिली, दमट जागेत ठेवू नका, गोदरेजमध्ये कापूर घालू नका वगैरे सूचना दिल्या. त्याला अजून काम लागलेलं नाही. चौथा डबा त्याच्याकडे आहे. त्यातल्या निगेटिव्ह आर्द्रतेने एकमेकींना चिकटल्यात, त्या तो पाण्यात भिजवून एकेक सोडवतो आहे.